पोळा भरला ते आवार

जबलपुरात आमच्या घमापुरच्या घराला लागून तुळशीराम खवसेंचा गोठा होता आणि माझ्या आईला तो आयुष्यभर खुपत राहिला. वडील तोफांचे गाडे बनवणाऱ्या गन कॅरेज कारखान्यात कारकून. घरात टेबलखुर्ची, भिंतीवर लंबकाचं घड्याळ, आणि खिडकी उघडली की शेणाचा वास. आपण शहरात येऊन राहिलो की खेड्यात, असं आई दर दोन दिवसांनी विचारायची. मला मात्र त्या खिडकीतूनच पहिल्यांदा कळलं, की आपल्यासारखं मराठी बोलणारी पण आपल्यासारखी नसलेली माणसं या गावात आहेत. आमचं मराठी पुस्तकातलं, त्यांचं विदर्भातल्या नरखेडकडचं, आणि बाजारातली हिंदी दोन्हींत मिसळलेली. आई त्यांच्या बोलण्याला हसायची. ती स्वतः भाजीवाल्याशी कसलं हिंदी बोलते, हे तिला कुणी कधी सांगितलं नाही.

तुळशीरामकाका जबलपुरात आले ते दुसऱ्या महायुद्धाच्या मोठ्या लढाईत. खमरियाला दारूगोळ्याचा कारखाना उभा राहत होता. मुरूम वाहायला गाड्या हव्या होत्या. तिकडे माणसाला आणि बैलाला रोज काम आहे, एवढं कानावर आल्यावर काकांनी जोडी जुंपली आणि शिवनीच्या जंगलातून चालवत थेट इथे आणली. इंदूकाकू गाडीत, भांड्यांच्या आणि कडब्याच्या मध्ये. लढाई संपली तेव्हा बरोबरचे बरेच जण गावी परतले. काका राहिले. पुढे त्यांनीच गावाकडच्या एकेकाला बोलावून घेतलं आणि घमापुरपासून अधारतालपर्यंत विदर्भातल्या गाडीवानांची एक छोटी वस्तीच तयार झाली. त्यांतला बंडू काकांच्या सगळ्यांत जवळचा. नात्याचा नव्हता, पण सख्ख्या भावाने केलं नसतं इतकं काकांनी त्याचं केलं. त्याला इथे आणलं, गाडी घेऊन दिली, लग्न लावून दिलं. काकूंच्या घरी भाजी झाली की वाटीभर बंडूकडे जायचीच.

काका कमी बोलायचे आणि बोललेलं मागे घ्यायचे नाहीत. अशा माणसाबरोबर राहणं सोपं नसतं. काकूंनी ते मला पुष्कळदा ऐकवलं आहे. गाडीला काम नसेल तेव्हा ते कोबा घालायचे. चुना, विटांचे तुकडे आणि वाळू यांची जमीन. त्यात त्यांचा हात धरणारा जबलपुरात नव्हता. बायका ओळीने बसून लाकडी थाप्यांनी कोबा ठोकत राहायच्या, मधूनमधून पाणी शिंपडायच्या, आणि काका अनवाणी चालत तळव्याने जमीन तपासायचे. कुठे भेग दिसली की पुन्हा ओलं करा, पुन्हा ठोका. ठोकण्याने कोबा बिघडला असं त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

आणि त्यांचा पोळा. जबलपुरात पोळा कोण करतो? इथल्या लोकांना तो शब्दही माहीत नसायचा. पण श्रावण संपताना काका वस्तीतल्या सगळ्या जोड्या एका मोकळ्या जागी उभ्या करायचे. आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीने मळून त्यांना जेवणाचं आमंत्रण द्यायचं. पोळ्याच्या दिवशी कुणी बैलाला जुंपायचं नाही, मग हुकूम साहेबाचा असो की लाटसाहेबाचा. शिंगं रंगवायची, झुली घालायच्या, आंब्याच्या पानांचं तोरण बांधायचं, आणि त्याखालून पहिली जायची ती काकांची जोडी. मान त्यांचा होता. कुणी लिहून दिला नव्हता, पण सगळ्यांनी मिळून दिला होता. आमच्या घरात याला गावठी प्रकार म्हणत आणि खिडकीतून बघत.

पाकिस्तानशी फार बिनसलं त्या, पासष्टच्या पावसाळ्यात महाराजपुरच्या बाजूला एका आवाराचं काम निघालं. फौजी ट्रक उभे करायला मोठी सपाट जागा तातडीने हवी होती. जमीन काळी, पावसात भरलेला ट्रक आसापर्यंत रुतायचा. खडी-डांबराला वेळ नव्हता. तेव्हा असं ठरलं की मुरमात थोडं सिमेंट कालवून, पाणी मारून, रूळ फिरवून जमीनच घट्ट करायची. काम भय्यासाहेब नावाच्या ठेकेदाराला मिळालं. कालवायचं यंत्र त्याच्याकडे नव्हतं. तिथले इंजिनियर चंद्रशेखर गद्रे यांनी तोड काढली. शेतात ढेकळं फोडायला बैल ज्या रुंद पात्याच्या औताला जुंपतात तो वखर, त्यानेच मुरूम आणि सिमेंट कालवायचं. वखर कुणाकडे? काकांच्या लोकांकडे. झालं, अख्खी वस्ती कामाला लागली आणि काका मुकादम झाले.

गद्रे सागरहून आलेले, लग्न व्हायचं होतं, आणि जेवायला आमच्याकडे असायचे. इतका शिकलेला मुलगा जेवताना चिखलाबद्दल काय बोलतो, असं आईला वाटायचं. कामावर मात्र ते कडक. सकाळी कालवलेला मुरूम दुपारच्या आत रुळाखाली गेलाच पाहिजे. राहिला तो फेकून द्यायचा. रूळ फिरला की वर ओला पेंढा आणि मग त्यावर चिटपाखरूसुद्धा फिरकता कामा नये. सिमेंट फेकून देणाऱ्या माणसाला गाडीवान मनातून हसायचे, पण काकांनी एकूण एक नियम पाळला. तो कशासाठी आहे हे त्यांनी विचारलं नाही आणि गद्र्यांनी सांगितलं नाही. मला दोघांचाही राग येतो. विचारायला आणि सांगायला किती वेळ लागला असता?

आवाराचं बहुतेक काम झालं होतं. फाटकाजवळची पट्टी शेवटी दाबली, आणि पोळा आला. दरवर्षीच्या जागेला कुणीतरी कॉलनीसाठी तारेचं कुंपण घातलं होतं. दुसरीकडे पाहावं तर गुडघाभर चिखल. गद्रे मुरमाच्या खाणीचं बघायला सिहोऱ्याला गेलेले. गोठ्यात गाडीवानांची बैठक बसली, तेव्हा मी खिडकीत होते. कुणी म्हणे यंदा नुसती घरोघरी पूजा करू. त्यावर बंडू म्हणाला ते मला अजून आठवतं.

"भाऊ, ते आवार आपल्याच बैलायनं कालवलं ना? मग त्यायचा एक दिवस त्याच्यावर नाही का?"

काकांनी लगेच हो म्हटलं नाही. ते महाराजपुरला गेले, फाटकाजवळचा पेंढा बाजूला केला, टाचेने दाबून पाहिलं, काठीच्या मुठीने ठोकून पाहिलं. खणखणीत आवाज आला. अशा जमिनीवर बैल चालला म्हणून काय बिघडणार? त्यांच्या हिशेबी तो कोबाच होता, आणि कोब्याला तुडवण्याचं भय नसतं. परत येऊन ते म्हणाले, भरवू. पहाऱ्यावरच्या माणसाला पुरणपोळी पोचली आणि फाटक उघडलं.

मी इंदूकाकूंबरोबर गेले होते, घरी खोटं सांगून. इतका देखणा पोळा पुन्हा पाहिला नाही. पाऊस थांबून ऊन पडलं होतं आणि ओल्या मुरमाची लाल, सपाट जमीन लांबपर्यंत पसरलेली. बैल रांगेने उभे. कपाळांवरच्या मठाट्या चमकत होत्या, घुंगरमाळा वाजत होत्या. गाडीवान एकमेकांवर झडत्या, म्हणजे पोळ्याची टोमण्यांची गाणी, म्हणत होते आणि हसून हसून बेजार होत होते. ज्यांना शहरात कुणी नाव घेऊन हाक मारत नव्हतं अशी ही माणसं. त्या दिवशी तिथे त्यांचंच राज्य होतं. बैल बराच वेळ उभे राहिले, खुरांनी जमीन उकरत राहिले. मग काकांची जोडी तोरणाखालून गेली आणि मागून सगळे बैल एकदम उधळले. काका हसत होते. त्यांना दात दिसेपर्यंत हसताना मी तेव्हाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पेंढा पुन्हा पसरताना फाटकाच्या पट्टीवर त्यांना खुरांचे वण दिसले आणि वणांच्या भोवती केसासारख्या भेगा. काका घाबरले नाहीत. त्यांनी जन्मभर केलं तेच केलं. पाणी मारलं, बायकांना जमीन ठोकायचे जड धुमस देऊन पट्टी ठोकून घेतली, वरून रूळ फिरवला. पट्टी पहिल्यापेक्षा नेटकी दिसायला लागली. सिहोऱ्याहून परतल्यावर गद्र्यांनी आवार पाहिलं आणि फाटकाजवळचं काम सगळ्यांत चांगलं झालंय म्हणून काकांची पाठ थोपटली. काकांनीही ती थोपटून घेतली. त्यात लबाडी नव्हती. आपण पट्टी आणखी मजबूत केली, अशीच त्यांची खात्री होती.

मग लढाई सुरू झाली. खिडक्यांना काळे कागद लागले, कारखान्यांच्या पाळ्या वाढल्या, वडील घरी अवेळी यायला लागले. आवारात भरलेले ट्रक येणार, तिथून रेल्वेच्या फलाटाकडे जाणार, असं ठरलं. कोणत्या दिवशी, ते विचारायला काका एका संध्याकाळी आमच्या अंगणात आले.

गद्रे तिथे बादली घेऊन बसले होते. पुढच्या कामाआधी त्यांना एक गोष्ट ठरवायची होती. मध्येच पाऊस येऊन काम मोडलं, तर मोडलेला भाग पुन्हा दाबून चालेल का? त्यासाठी त्यांनी आवारातल्याच मुरमाचे आणि सिमेंटचे तीन गोळे साच्यात दाबून आमच्या न्हाणीच्या आडोशाला ओल्या गोणपाटाखाली ठेवले होते. आईच्या कपाळावरच्या आठ्या त्या गोळ्यांमुळे वाढल्या होत्या. काका आलेले पाहून गद्र्यांना उत्साह आला. आपल्या कामाचं कौतुक करायला अखेर कुणी जाणता भेटला, असं त्यांना वाटलं असावं.

त्यांनी समजावून सांगितलं. पहिला गोळा दाबून तसाच ठेवलेला. दुसरा दाबल्यावर थोड्याच वेळात फोडला आणि लगेच पुन्हा दाबला. तिसरा दोन रात्री धरू दिला, मग फोडला, ओला केला आणि पुन्हा तितक्याच जोराने दाबला. तिन्ही दिसायला सारखे. वाजवून पाहिले तर आवाजही जवळजवळ सारखा. मग तिन्ही पाण्यात सोडले.

पहिला दगडासारखा बसून राहिला. दुसऱ्याचे थोडे कण सुटले, पण तोही टिकला. तिसऱ्यातून आधी बुडबुडे आले, मग कडा सुटल्या, आणि बघता बघता बादलीच्या तळाशी नुसता चिखल झाला.

"सिमेंटची मूठ एकदाच वळते, तुळशीराम," गद्रे म्हणाले. "वळत असताना सोडवली तर पुन्हा वळते. वळून झाल्यावर सोडवली की संपलं. मग वरून किती का दाबा, कोरडं आहे तोवर नीट दिसतं."

काका बादलीकडे बघत होते. त्यांनी विचारलं, "अन् चुन्याचं, साहेब?"

चुना सावकाश धरतो, त्याला ठोकलेलं चालतं. हा चुना नाही, असं गद्र्यांनी सांगितलं आणि ते हात धुवायला गेले. ट्रक कधी येणार, हे न विचारताच काका निघून गेले. मी पायरीवर बसले होते. माझ्याकडे त्यांचं लक्षही गेलं नाही.

पुढचं मला इंदूकाकूंनी सांगितलं, आणि सांगताना त्या प्रत्येक वेळी रडल्या. काका घरी येऊन नुसते बसले. जेवण झाकून ठेवलं. थोड्या वेळाने त्यांनी काकूंना सगळं सांगितलं. फाटकाची पट्टी म्हणजे त्या तिसऱ्या गोळ्यासारखी. पाऊस पडला की तिचा चिखल होणार, आणि प्रत्येक ट्रक तिच्यावरूनच जाणार, आत दारूगोळा भरलेला. सांगावं तर गद्रे पट्टी उकरणार. मग भय्यासाहेबाला कळणार, आणि पोळ्याला आलेल्या एकूण एक गाडीवानाचं काम जाणार. न सांगावं तर कदाचित पाऊसच येणार नाही. भाद्रपद होता, पावसाने ओढ घेण्याचे दिवस. काकू म्हणाल्या, मला नका विचारू, बंडूला विचारा, त्याच्याही पोटाचा प्रश्न आहे. काका उठले. काकू दारात उभं राहून बघत होत्या. ते गल्लीच्या टोकापर्यंत गेले, बंडूच्या दारासमोर थांबले आणि तिथूनच परत फिरले.

सकाळी गद्रे आमच्या ओसरीवर चहा घेत होते तेव्हा काका आले. बसले नाहीत.

"साहेब, तुम्ही सिहोऱ्याले होते तवा त्या आवारात पोळा भरला. पट्टी मोडली. म्या ठोकून बसवली."

गद्र्यांना आधी पोळा म्हणजे काय तेच कळलं नाही. वडिलांनी समजावलं. मग त्यांनी कप खाली ठेवला आणि तसेच सायकलवर बसून गेले. फाटकाजवळ पहार मारून पाहिली, निघालेले तुकडे पाण्यात टाकले. त्यांचंही तिसऱ्या गोळ्यासारखंच झालं. मी परतलो त्याच दिवशी सांगितलं असतं तर एवढी पट्टी उकरून नवं सिमेंट घालता आलं असतं, आता सिमेंटही नाही आणि दिवसही नाहीत, असं ते म्हणाले. रागावले नाहीत. काकूंच्या मते रागावले असते तर काकांना बरं वाटलं असतं.

उपाय एकच होता. पट्टी खोल उकरायची आणि दगड रचून भरायची. दगड खाणीतून आणायचे, आणि शहरातला प्रत्येक ट्रक फौजेने घेतलेला. राहिल्या त्या बैलगाड्या. भय्यासाहेब आवारात आला, सगळ्या गाडीवानांना त्याने एकत्र उभं केलं आणि काय घडलं ते तुळशीरामनेच इंजिनियरला सांगितलं आहे, असं जाहीर केलं. दगड वाहा, आणि संपलं की पुन्हा तोंड दाखवू नका. काका तिथेच उभे होते. गाडीवानांना ही बातमी अशी, परक्याच्या तोंडून कळली.

कुणी भांडलं नाही. सगळे गाड्या घेऊन खाणीकडे गेले. ते दिवस मी विसरू शकत नाही. शिंगांवरचा पोळ्याचा रंग अजून गेला नव्हता, आणि त्याच बैलांच्या खांद्यांवर दगडांचं ओझं. गाड्या रात्रंदिवस आमच्या गल्लीवरून जायच्या आणि कुणी काकांशी बोलत नसे. काकांनी आपल्या जोडीला कुणाहीपेक्षा जास्त राबवलं. जणू सगळं एकट्याने भरून काढायचं होतं. शेवटच्या खेपेला त्यांचा डावीकडचा बैल फाटकापासून हाकेच्या अंतरावर बसला तो उठलाच नाही. मागे गाड्या खोळंबल्या होत्या. काकांनी जू सोडलं, बैलाच्या मानेवरून एकदा हात फिरवला आणि गाडीतले दगड डोक्यावर वाहायला लागले. दुसऱ्या कुणी हात लावला नाही. बंडूनेसुद्धा नाही. मला ते तेव्हाही क्रूर वाटलं आणि आजही वाटतं.

ट्रक आले तेव्हा आभाळ भरून आलं होतं. रात्रभर पाऊस कोसळला. ट्रक एकामागून एक फाटकातून गेले आणि दगडांची पट्टी तसूभर हलली नाही. याचं कौतुक कुणी केलं नाही, कारण जे घडलंच नाही त्याचं कौतुक कोण करणार? गद्र्यांनी काकांसाठी भय्यासाहेबाकडे रदबदली करून पाहिली. उपयोग झाला नाही. पुढे त्यांची बदली झाली आणि आमच्याकडचं त्यांचं पान उठलं.

वस्ती विस्कटली. निम्मे गाडीवान गावी गेले, उरलेले विटांच्या भट्ट्यांवर लागले. एका बैलाची गाडी होत नाही, म्हणून काकांनी उरलेला बैल विकला. गोठा रिकामा झाला आणि गंमत म्हणजे आईलाच त्याचं सगळ्यांत वाईट वाटलं. सकाळी घंटांचा आवाज नाही तर चुकल्यासारखं होतं, असं ती म्हणाली. गाडीवान पुढेही पोळा करत राहिले, कुठेतरी आडबाजूला, चारसहा जोड्यांचा. मान बंडूकडे गेला. काकांना बोलावणं आलं नाही. काकू पोळ्याला पुरण घालायच्या आणि दोन माणसांत ते संपायचं नाही.

काका रस्त्याच्या कामांवर राखणीला लागले. नवं सिमेंटचं काम झालं की ते धरेपर्यंत काठी घेऊन तिथे बसायचं, एवढंच काम. ते त्यांनी ज्या कडवेपणाने केलं त्याने लोक वैतागायचे. गाय आली तर हाकलायची, साहेब आला तर त्यालाही हाकलायचं. कुणी विचारलं की आता मात्र ते कारण सांगायचे, न कंटाळता, प्रत्येकाला. ऐकणाऱ्याला नको व्हायचं, इतकं सांगायचे.

बांगलादेशचं युद्ध तोंडावर आलं होतं त्या वर्षीची गोष्ट. मी कॉलेजात होते. श्रावण संपत आला होता. सायकलवरून घरी येताना रस्ता तुंबलेला दिसला. एका बाजूला नवीन दाबलेली सिमेंट-मुरमाची रुंद कड, वर ओला पेंढा, आणि काठी घेऊन बसलेले काका. रस्त्यावर फौजी ट्रकांची न संपणारी रांग. आणि समोरून पोळ्याचे बैल येत होते. पाचसहाच जोड्या, पण सजवलेल्या. पुढे बंडू. रस्त्यावर जागा नाही, दुसऱ्या अंगाला चिखलाने भरलेला नाला. जायला जागा होती ती काकांच्या पेंढ्यावरूनच.

बंडू कडेपाशी येऊन थांबला. त्याने काही मागितलं नाही. काकांनी उठून काठी आडवी धरली. दोघं एकमेकांकडे बघत राहिले आणि मला वाटलं, आता काहीतरी विपरीत होणार.

काकांनी काठी खाली टाकली. ते रस्त्याच्या मधोमध गेले आणि समोरून येणाऱ्या ट्रकपुढे दोन्ही हात पसरून उभे राहिले. साठीला टेकलेला, उघड्या पायांचा माणूस. ड्रायव्हरने करकचून ब्रेक लावला आणि डोकं बाहेर काढून शिवी दिली.

"दस मिनिट, भैया," काका म्हणाले. "हमारे बैल जा रहे हैं."

का कोण जाणे, ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. मागे सगळी रांग थांबली. डांबरी रस्त्यावरून बैल निघाले, घुंगरमाळा वाजवत, एकेक जोडी काकांच्या अंगाला घासून जात होती. गाडीवानांतल्या एकदोघांनी माना लववल्या. बाकीचे सरळ समोर बघत गेले. बंडूने सगळ्यांना पुढे जाऊ दिलं. मग आपली जोडी घेऊन तो काकांपाशी आला आणि थांबला. इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"त्या रोजी माह्या दारापर्यंत येऊन वापस काहून गेला, भाऊ? मी आतूनच पाहून राहिलो होतो. काम गेलं त्याचं काई नाही. पण मले सांगतलं काहून नाही?"

काकांचे हात ट्रककडे तसेच पसरलेले होते.

"आत आलो असतो तं तू म्हनला असता, साहेबाले बोलू नको."

"म्हनलोच असतो."

"अन् मंग म्या नसतो बोललो," काका म्हणाले.

बंडूने मान खाली घातली. मागचा ट्रक भोंगा वाजवायला लागला, मग त्याच्या मागचा. काकांनी हात खाली घेतले नाहीत, आणि बंडूही कासरा धरून त्यांच्याजवळच उभा राहिला.